बाईसाहेबांची बदली

निवृत्त पोस्टमास्तर सकाळी दाढीचं सामान घेऊन निघाले आणि बैठकीच्या खोलीत एकदम थबकले. फरशीवर बाईसाहेब आडव्या पडल्या होत्या.

"अहो, काय झालं?" बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"गेल्या."

"कोण?"

"बाईसाहेब!"

बाईसाहेब म्हणजे सुनेच्या टाकीतली मोठी मासळी. नारंगी अंग, पांढरे पट्टे, आणि तोरा असा, की खाऱ्या पाण्याची ती अख्खी टाकी जणू तिच्याच नावावर आहे. तिच्या मागेमागे फिरणारा छोटा मासा म्हणजे नवरोबा. मुलगा आणि सून नोकरीसाठी वर्षभर परदेशी निघाले, तेव्हा सुनेने ही जोडी सासऱ्यांच्या हवाली केली होती. एरवी सासरे-सुनेचं बोलणं चार शब्दांपलीकडे जात नसे. तिने विश्वासाने सोपवलेली ही पहिलीच गोष्ट, आणि मास्तर खाणं घालून झाकण लावायलाच विसरले. बाईसाहेबांनी उडी मारली ती थेट जमिनीवर.

"सांगून टाका तिला," बायको म्हणाली.

"कुठल्या तोंडाने?"

मास्तरांनी तडक माशांचं दुकान गाठलं. "अश्शीच एक मोठी मादी द्या."

"मोठी नको काका, पिल्लू न्या," दुकानदार म्हणाला. "या जातीत जोडीतली मोठी ती मादी. ती गेली, की मागे राहिलेल्या नराचीच मादी होते. आणि पिल्लू वाढून तिचा नवरा होतं."

"अहो, मी म्हातारा झालोय, खुळा नाही."

"थोडे महिने धीर धरा. नाही झाली तर पिल्लू परत आणा."

मास्तर पिल्लू घेऊन घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मी चार दिवस माहेरी गेले तर तुमच्याच्याने धड चहा होत नाही. आणि तो मासा अख्खी बाई होणार?"

दर रविवारी सुनेचा व्हिडिओ कॉल येई. मास्तर फोन काचेला अगदी चिकटवून धरत, म्हणजे नवरोबा मोठे दिसत.

"बाबा, बाईसाहेब वाळल्यात का हो?"

"छे! जरा कमी जेवतायत, एवढंच."

"मग दिवसातून तीनदा घाला ना."

तीनदा घातलं आणि पाणी गढूळ झालं. मग बादल्या आल्या, मीठ मोजणं आलं, कंबर धरली. मास्तर रोज काचेला पट्टी लावून नवरोबांची लांबी वहीत लिहू लागले. हळूहळू नवरोबा वाढले, पिल्लाला दटावू लागले. एके दिवशी मास्तर काळजीने बायकोला म्हणाले, "आज ती नीट जेवली नाही गं."

"ती?" बायकोने विचारलं, आणि पदर तोंडाला लावला.

वर्ष सरलं. सून आली ती बूटही न काढता टाकीपुढे बसली. आत दगडावर नारंगी दाण्यांचा ठिपका होता आणि छोटा मासा त्याला परांनी वारा घालत होता.

"बाबा, अंडी! बाईसाहेबांनी अंडी घातली! किती जपलंत हो तुम्ही!"

ही शाबासकी मात्र मास्तरांना पचेना. "पोरी," ते म्हणाले, "त्या बाईसाहेब नाहीत. ते नवरोबा आहेत. बाईसाहेब माझ्या हातून गेल्या." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सुनेने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या हातून गेल्या ना, त्याही मुळात नवरोबाच होत्या."

"म्हणजे?"

"खऱ्या बाईसाहेब लग्नाआधीच गेल्या. माझ्याकडून पाण्यात मीठ जास्त पडलं. मग मीही पिल्लूच आणलं. ही जोडी म्हणजे तुमच्या मुलाने मला दिलेली पहिली भेट. त्याला सांगायचा धीरच झाला नाही, अजून."

इतक्यात मुलगा बॅगा ओढत आत आला. टाकीत वाकून बघत म्हणाला, "वा! अंडी? मी दिलेलीच जोडी ना ही?"

"तर काय!" सासरे आणि सून एका सुरात म्हणाले, आणि दोघांनाही हसू आवरेना. पिल्लं होणार म्हणून हसतायत, असं समजून तोही हसायला लागला.