शेपूट नसलेलं अक्षर

आमच्या शेजारच्या देवधरांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका इतक्या जाड, ठोकळेबाज इंग्रजी अक्षरांत छापली होती, की तुमच्या आजोबांनी पाकीट उघडून विचारलं, "लग्न आहे, की उद्या वीज बंद?"

मुलांनो, आम्ही दिल्लीच्या या द्वारकेत राहायला आलो तेव्हा इथे मेट्रो नव्हती, झाडं नव्हती. होत्या त्या एकसारख्या दिसणाऱ्या इमारती. देवधर नुकतेच निवृत्त झाले होते. सरकारी खात्यात त्यांनी जन्मभर पोस्टरं केली. टोकांना शेपट्या फुटलेलं अक्षर त्यांच्या मते लाडावलेलं, आणि कुठे जाड कुठे बारीक असलेलं लबाड. अक्षर हवं सगळीकडून एका जाडीचं, आणि त्यातला 'ओ' कंपासनं काढल्यासारखा वाटोळा. "वहिनी, अक्षर लांबून बोललं पाहिजे. बिल्कुल!"

बाजारात नव्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या तसे ते खुलले. उदारीकरणानं देशाला काही दिलं असेल तर शेपूट नसलेलं अक्षर, असं ते म्हणत.

आमची इमारत सी; तिच्या भिंतीवरचा भला मोठा 'सी' त्यांचाच. खिळा आणि सुतळी घेऊन दर दिवाळीला ते तो नव्यानं रंगवत, आणि दर दिवाळीला तो आणखी जाड होई.

"देवधर साब, आपका सी मोटा हो गया!" खालचे खन्ना ओरडत.

"आप भी तो!" शिडीवरून उत्तर येई.

पुढे सोसायटीच्या कमिटीनं सगळ्या इमारतींवर पितळेची नक्षीदार अक्षरं लावायचं ठरवलं. देवधर सभेत कडाडले, "उन्हात चमकतील नुसती! माझा सी पुसलात तर मी बिऱ्हाड हलवीन!" मी सेक्रेटरी. समजूत घालायला एका संध्याकाळी पिशवीत पितळी नमुना घेऊन त्यांच्याकडे गेले.

देवधर बाल्कनीत कठडा धरून उभे होते. खाली त्यांच्या पत्नी, कुमुदताई, दूध घेऊन परतत होत्या. त्यांची नजर वर्षावर्षानं अधू होत चालली होती, पण कुणी तसं म्हटलेलं त्यांना खपत नसे. चार सारख्या इमारतींसमोर त्या थांबल्या. मान वर करून एकेक भिंत पाहू लागल्या.

"हाक मारा ना," मी म्हटलं.

"हाक मारली तर उद्यापासून ती एकटी बाहेर पडणार नाही," ते हळूच म्हणाले.

कुमुदताईंची मान आमच्या भिंतीकडे वळली, 'सी'वर स्थिरावली, आणि त्या झपझप चालू लागल्या. देवधर धावत आत गेले नि वर्तमानपत्र उघडून बसले.

"मी गेले काय, आले काय, यांना पत्ताच नसतो," दारातून येत कुमुदताई मला म्हणाल्या.

"अच्छा, जाऊन आलीस?" देवधर पानाआडून म्हणाले.

पितळी 'सी' मी पिशवीतच राहू दिला.