काशीचा गडू आणि बरकतपुऱ्याची विहीर

एक बाटली. तोंडाला कापूस, वर कागद, त्यावर दोरा.

चिंचेनं घासलं की तांबंच काय, काचही लख्ख होते.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बरकतपुरा तेलुगू राज्यात राहिला.

देवघरात काशीचा गडू.

"औरंगाबादेत आपल्या विहिरीसारखं पाणी मिळेल का?" असं म्हणून केशवरावांनी बदली नाकारली.

हे सगळं एका गुरुवारी बरकतपुऱ्यात, केशवरावांच्या अंगणातल्या विहिरीपाशी एकत्र आलं. नव्या राज्याचे इन्स्पेक्टर व्यंकटय्या पाण्यातले जंतू तपासायला आले होते. नापास विहिरीवर फळ्या ठोकायचा हुकूम होता. बाटली कठड्यावर ठेवून ते शेजारच्या विहिरीकडे गेले, तेवढ्यात केशवरावांच्या पत्नी सत्यवतीबाई बाहेर आल्या.

"अगोबाई! कुणाकुणाच्या हातची बाटली, तशीच आपल्या विहिरीत?"

"अगं, उकळून आणलीय म्हणे," केशवराव म्हणाले.

"कुणाच्या चुलीवर?"

बाईंनी बाटली चिंचेनं घासली, विसळली, गडूतलं गंगाजळ तिच्यात खळखळवलं, थोडं आत राहू दिलं आणि वर विहिरीचं पाणी भरलं. कापूस होता तसा लावला. व्यंकटय्या परतले, आयतं काम बघून खूश झाले.

आठवड्यानं ते पडेल चेहऱ्यानं आले.

"साब, आपकी बावली फेल. बहोत जंतू. बाजूवाली पास! अम्मा, बाटली को कुछ किए क्या?"

"धोई. गंगाजल डाली. वैसीच रखतूं क्या?"

व्यंकटय्यांचा चेहरा खुलला. "बस, बावली बच गई! नमुना गंगाजल से बिगड़ा, इत्ता लिख के देव. दूसरा लेतूं."

"कशानं बिगडला?"

"गंगाजल से."

"सरकारी कागदावर? माझ्या सहीनं?" बाई उसळल्या. "गंगा में जंतू नक्को बोलो! जंतू बावली में हैं. मेरे सासूबाई के जमाने से हैं!"

"अगं, विहीर जाईल," केशवराव कळवळले. "हिच्यापायी मी औरंगाबादची बदली सोडली!"

"मग द्या तुम्हीच लिहून. गंगा घाण आहे म्हणून."

केशवरावांनी तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं. मिटलं.

संध्याकाळी विहिरीवर फळ्या ठोकल्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून केशवराव घागर घेऊन गल्लीतल्या नळाच्या रांगेत.

काशीहून येताना काझीपेठ स्टेशनवर गडू कलंडला होता, आणि बाई डब्यात झोपलेल्या असताना केशवरावांनी तो इंजिनात पाणी भरायच्या नळाखाली धरला होता.