विमानाची उजवी बाजू

नौदलातून निवृत्त झालेल्या विमानाच्या पोटाखाली अनिरुद्ध उताणा झोपला होता. चाकांच्या वरच्या खोबणीत कॅमेरा घालून तो फोटो काढत होता आणि "वा! काय सुंदर मळलंय!" असं स्वतःशीच म्हणत होता. नेमके तेव्हाच गावचे सरपंच युवराज तिथं येऊन उभे राहिले.

"काय गळतंय का, साहेब?"

"छे! गळून वाळलंय. हे ओघळ, हा उडालेला रंग, हा गंज, सगळं टिपून घेतोय. आजच पुण्याला पाठवायचंय."

सरपंचांचा चेहरा उतरला. भूमच्या अलीकडच्या या गावात पाझर तलाव सोडला तर पोहण्याइतकंही पाणी नाही. पण गावचा इरशाद नौदलात लागला, त्यानं खटपट करून हे जुनं विमान आणवलं आणि शाळेच्या मैदानात चौथऱ्यावर बसवलं. तेव्हापासून शेजारच्या गावाच्या पोटात दुखत होतं. विमान नीट ठेवलं नाही तर नौदलवाले परत नेतील, ही धास्ती गावाला कायमचीच होती.

"तुमी कोन्या खात्याचे म्हनायचे?" सरपंचांनी हळूच विचारलं.

"खात्याचा कसला हो! तुळजापूरला चित्रकला शिकवतो. विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवतो, वीतभर. त्यावर मळसुद्धा हुबेहूब रंगवावा लागतो, म्हणून हे फोटो."

सरपंचांनी समजुतीनं मान हलवली. रविवारी घरदार सोडून, दोन एसट्या बदलून, शिकलासवरला माणूस खेळण्यासाठी मळाचे फोटो काढायला येतो? इतकं न पटणारं कारण गुप्त तपासणीवालाच सांगणार!

खरं तर अनिरुद्ध अक्षरन् अक्षर खरं बोलला होता. पुण्यातल्या प्रतिकृतीकारांच्या ग्रुपवर रुद्रेश नावाचा एक जाणकार होता. "तुमच्याकडं कुठलं आलंय विमान!" असं म्हणून त्यानं अनिरुद्धला चारचौघांत चिडवलं होतं. अनिरुद्धनंही छाती ठोकून सांगितलं होतं, की रविवारी दोन्ही बाजूंचे फोटो टाकतो. आज ते टाकले नाहीत तर त्या ग्रुपवर तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

डावी बाजू सकाळच्या उन्हात झकास मिळाली. उजवी सावलीत होती.

"ही बाजू आता ऊन फिरल्यावर," तो म्हणाला.

सरपंचांचे डोळे एकदम चमकले. "मग तवर जेवायला चला की! आमच्या गावात पाव्हना उपाशी बसत न्हाय."

जेवण झालं म्हणजे काय, होतच राहिलं. भाकरी, येसराची आमटी, ठेचा. अनिरुद्ध उठू लागला की खव्याची पोळी यायची, पुन्हा उठू लागला की दुसरी. हात धुतल्यावर पान आलं. "पान न खाता जायचं? बेअदबी हाय ती आमची!" मधूनमधून सरपंच बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करत होते. इकडची माणसं किती लाघवी, या विचारानं अनिरुद्धला अगदी भरून आलं.

ऊन फिरलं, तसा तो ढेकर देत मैदानात पोचला आणि जागच्या जागी थिजला. विमानाची उजवी बाजू नव्या पत्र्याच्या पेटीसारखी लखलखत होती. शिडीवर गुरुलिंग पेंटर ब्रश घेऊन उभा होता. गावातल्या यच्चयावत दुकानांच्या पाट्या त्यानंच रंगवल्या होत्या.

"दोन हात मारले, साहेब," गुरुलिंग लाजत म्हणाला. "नंबर तेवढा कागद लावून झाकलाय. तो बी नव्यानं काढू का? मराठीत का इंग्लिशमधी?"

"अहो, माझा मळ कुठं गेला!" अनिरुद्ध मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

"या अल्ला! साहेब रडायलेत की!" इरशादची आई जमिलाबी पदर सावरत पुढं आली. "युवराज, तू काय केलास रे?"

अनिरुद्धनं मोबाइलमधले आपल्या प्रतिकृतींचे फोटो काढून दाखवले. तळहातावर ठेवलेलं वीतभर विमान आणि त्याच्या पंखावर नखाएवढा काजळीचा डाग. सरपंच बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजी विमान न्हेनार न्हाय तुमी?"

"मी कुठं नेऊ हो? घरात बायको, चारुशीला, या खेळण्यांची खोकीसुद्धा ठेवू देत नाही!"

गावाचा जीव भांड्यात पडला. मग मात्र सगळ्यांनाच फार वाईट वाटलं. सरपंच बाह्या सरसावत म्हणाले, "आमीच मळ घालवला, आमीच परत आनून देतो. गुरुलिंग, शिडी काढू नको!"

घराघरांतून तव्याखालची काजळी आली. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आलं. टोपलीभर माती चाळून आली. रंग ओलाच होता, त्यामुळं सगळं झक्क चिकटलं. कॅमेऱ्यात डाव्या बाजूचे फोटो बघून अनिरुद्ध एकेक डाग सांगत होता, पण थोड्या वेळानं जमिलाबीनं कॅमेराच त्याच्या हातातून घेतला.

"गुरुलिंग, ओघळ अजून खाली घे. चुलीचा धूर असा सरळ जातो व्हय कवा? फुंकर मार!"

ऊन उतरायच्या आत काम झालं. गुरुलिंगनं नंबरावरचा कागद काढला. अनिरुद्धनं फोटो काढले आणि एसटीची वाट बघत फाट्यावरूनच मोबाइलवर घेऊन ग्रुपवर टाकले. मास्तरच तो, खोटं बोलणं जमणार नव्हतं. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'एक बाजू मूळची आहे, एक गावकऱ्यांनी आजच मळवून दिली आहे.' कुठली कुठली, ते घाईत लिहायचं राहिलं.

पोचवायला आलेले सरपंच त्याच्यापेक्षा जास्त अस्वस्थ होते. "काय म्हनत्यात पुन्याचे?"

रुद्रेशचं उत्तर आलं होतं. अनिरुद्धनं ते मोठ्यानं वाचलं, "'बघताक्षणी ओळखलं. उजवी बाजू अस्सल. वर्षानुवर्षांचा मळ असाच बसतो, त्याची नक्कल कुणाला करता येत नाही. डावीवर मात्र गावकऱ्यांचा हात स्पष्ट दिसतो. जरा अतीच झालंय. तरी प्रयत्न चांगला.'"

लांबून एसटीचे दिवे दिसू लागले. सरपंचांनी गंभीरपणे घसा खाकरला.

"मग साहेब, डावी बी करून घ्यावी का? गुरुलिंगकडं रंग शिल्लक हाय."