गोट्या डायनासोर याचे सुटकेची बखर

ज्याचे कृपेने हरवले सापडते आणि नवऱ्यांस अधूनमधून सुबुद्धी होते, त्या गजाननास नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी, रविवारी प्रातःकाळी राज्याचे बागेत जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राजे मकरंदराव यांस खेळांची हौस फार. त्यांनी बागेत डायनासोरांची शोधमोहीम मांडिली. म्हणजे मोबाइलातील नकाशा पाहोन दडवलेले डबे हुडकावे आणि जो आधी पोचेल त्याने आतील चीज घरी न्यावी, ऐसा कायदा. मग आदले दिवशी डब्यांस माती लिंपोन अंडी केली, आणि एका अंड्यात घालावयास काही उरले नाही, तेव्हा कोचावर पडलेला हिरवा रबरी डायनासोर उचलोन त्यात घातला. तो गोट्या! राजकन्या जुई, वय वर्षे पाच, त्यास कुशीत घेतल्यावाचोन निजत नाहीत, हे वॉचमनासही ठाऊक, राजांस नाही. रात्र रडण्यात गेली. सकाळी राणीसाहेबांनी पुसिले, तो राजे ब्रश तोंडात धरोन वदले, "तो होय? चौथ्या अंड्यात. टेन्शन नको घेऊ, आपणच पहिले पोचू."

मग स्वारी निघाली, आणि नकाशाने प्रथम तळ्याचे कुंपणास नेले, आणि मग स्वच्छतागृहामागे.

"लपवलं तुम्हीच ना? मग नकाशा कशाला लागतो?"

"अगं, संध्याकाळी सगळी झाडं सारखीच दिसतात!"

मागोन खेळातील आणखी दोन कुटुंबे धावत येत होती, आणि राजकन्येचे ओठ थरथरत होते. अखेर उंबराखाली अंडे दिसले. परंतु त्यास शेंदूर फासलेला, वर जास्वंद, पुढे कापूर, आणि सकाळी फिरणाऱ्या, सुमनकाकू धरोन, सहा जणी आरती म्हणत होत्या.

राजे पुढे सरसावले. "काकू, ते डायनासोरचं अंडं आहे."

"जीभ आवर मेल्या! औदुंबराखाली रात्रीत प्रकटलेल्या देवाला अंडं म्हणतोस?"

राजे मोबाइलातील नकाशाची तीन मीटरांची अचूकता समजावू लागले. तेव्हा राणीसाहेबांनी त्यांस कोपराने बाजूस सारिले, आणि चपला काढिल्या, आणि हात जोडोन म्हणाल्या, "काकू, देव असा उघड्यावर नको. चार अक्षता द्या, उत्तरपूजा करून हलवते."

"बघा, शिकलेली असून रीत कळते हिला!" काकूंनी अक्षता दिल्या.

मग अक्षता वाहोन अंडे उचलिले, आणि माती फोडोन झाकण उघडिले, तो आत गोट्या सुखरूप! राजकन्येने त्यास उराशी धरिले. परंतु काकूंचे डोळे विस्फारले. "अगं बाई, मूर्ती आतच होती की!" म्हणोन गोट्याचे कपाळी कुंकू लाविले. "इथंच बसवू. पार बांधून घेऊ."

राजकन्येने भोकाड पसरिले.

राणीसाहेब घाईने बोलिल्या, "काकू, याची स्थापना आमच्या घरी झालीय. कधीचीच."

सहाही जणींनी हात जोडिले. "मग आम्ही दर रविवारी दर्शनाला येऊ."

तात्पर्य, राजकन्या गोट्यास घेवोन निर्धास्त निजतात. रविवारी सातास सहा जणी येतात, गोट्यास दूर्वा वाहतात, आणि राणीसाहेब आठ कप चहा टाकितात. राजांनी नवा खेळ सुचविला आहे. राणीसाहेबांनी त्यांस अद्याप उत्तर दिलेले नाही.