मंगळवार, सात ते साडेसात

आजारी माणसाने आजारी दिसणे ही त्याची घरादाराप्रति पहिली जबाबदारी होय. प्लास्टरमधला पाय ही जबाबदारी चोख पार पाडतो. तापाच्या बाजूने साक्ष द्यायला थर्मामीटर असतो. मन मात्र या बाबतीत अत्यंत बेजबाबदार अवयव आहे (ते अवयव तरी आहे का, याबद्दल सटाण्याच्या श्यामलामावशींना शंका आहे).

इंदिरानगरच्या आल्हादला हे उशिरा कळलं. तो सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून त्याला रोज सकाळी एक गोळी सुरू केली आणि चार महिन्यांत तो चांगला दिसू लागला. इथेच त्याचं चुकलं.

त्याची बायको यशश्री शाळेत गणित शिकवायची. पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तराला गुण देणं तिच्या तत्त्वात बसत नसे.

"अरे, चांगला आहेस की आता. गोळी कशाला?"

"गोळीमुळे चांगला आहे गं."

"कशावरून?"

"बंद केली की कळेलच."

"मग कर की बंद!"

आपण गोळीचे वकील असून विरुद्ध पक्षाला केस जिंकून दिली, हे आल्हादच्या लक्षात आलं.

लगेच पर्यायी उपाययोजना लागू झाल्या: जॉगिंग ट्रॅकवर पाच फेऱ्या, आवळ्याचा रस, नाकात यशश्रीच्या श्यामलामावशींनी धाडलेलं तूप आणि चांगले विचार (उपाशीपोटी). आल्हादने सगळं इमानेइतबारे केलं. गोळीही चालू ठेवली. तो आणखी बरा झाला. श्रेयाची वाटणी पुढीलप्रमाणे झाली: आवळा चाळीस टक्के, तूप तीस, फेऱ्या पंचवीस, गोळी पाच (तेही ग्रेसचे).

"दिवाळीपर्यंत बंद करून टाकू," यशश्रीने जाहीर केलं.

गोळीआधीचे दिवस आल्हादला आठवत होते. तिथे परत जायचं नव्हतं. घाबरून तो आठवडाभर आजारी दिसला. आंघोळ टाळली, जेवणात मीठ नाही हे सांगितलं नाही. यशश्रीने निरीक्षण नोंदवलं, "गोळी घेऊन ही तऱ्हा! मग उपयोग काय तिचा?"

म्हणजे बरं दिसलं तर गरज नाही म्हणून बंद आणि आजारी दिसलं तर उपयोग नाही म्हणून बंद. गोळीला या घरात राहायला जागाच उरली नाही.

मार्ग कारखान्यात सापडला. तिथे सुट्या भागाचं प्रत्येक भोक गेज नावाच्या दोन तोंडांच्या मापाने तपासतात. एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली तर माल बाद, एकही गेलं नाही तरी बाद. नऊ वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला आपलं दुःखही त्याच मापात बसवता येईल हे इतक्या उशिरा सुचावं, यावरून त्याला बढती का मिळत नव्हती ते स्पष्ट व्हावं. उदासी अशी हवी की गोळीची गरज पटेल, पण इतकी नको की गोळी फुकट वाटेल. त्याने कार्यपद्धती तयार केली:

वेळ: दर मंगळवारी सायंकाळी सात ते साडेसात. स्थळ: बाल्कनी. पोशाख: कॉलर विरलेला टी-शर्ट. नजर: समोरच्या पाण्याच्या टाकीवर. उसासे: किमान चार, कमाल सहा (सातव्याला माल बाद). चहा विचारल्यास नको म्हणणे, आणल्यास पिणे. बिस्कीट एकच.

अकरा मंगळवार पार पडले. दिवाळी आली, गेली; बंदचा विषय निघाला नाही. आल्हादने आलेखही काढला. नोकरीत त्याच्या कामाला इतकं सातत्य कधी नव्हतं.

बाराव्या मंगळवारी सोसायटीचे चेअरमन ढुंढिराजकाका फाटकावर सूचना चिकटवत होते: 'मोकाट जनावरांना खायला घालू नये.' खळ मैद्याची होती. मागून एक गाय आली आणि तिने सूचना खाल्ली. काकांनी दुसरी प्रत लावली. तीही खाल्ली.

"अगं, आधी वाच तरी!" काका गाईवर ओरडले.

आल्हादचा तिसरा उसासा चालू होता. तो अर्ध्यावर फुटला आणि आल्हाद ठसका लागेपर्यंत हसला. मागे यशश्री चहा घेऊन उभी होती.

"आज मंगळवार आहे," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सातला तो टी-शर्ट, साडेसातला मटार सोलायला हजर. शाळेत बारा वर्षं पोटदुखीची नाटकं बघतेय रे मी."

"मग बोलली नाहीस ती?"

ती दुसऱ्या खुर्चीत बसली. "खराखुरा आजारी होतास तेव्हा असा बसायचास का?"

"नाही."

"तेव्हा कडक इस्त्रीचा शर्ट असायचा. माझ्या भावाच्या लग्नात अख्खा मांडव हसवलास. आणि त्याच महिन्यात रोज कंपनीच्या पार्किंगमध्ये, गाडीत रडत बसायचास. मला ते कळलं डॉक्टरांच्या समोर." ती कपाकडे बघत राहिली. "गोळी लागते असं मान्य केलं, तर शेजारी झोपून मला काही दिसलं नाही, हेही मान्य करावं लागतं."

आल्हादच्या जिभेवर गाईवरचा एक चांगला विनोद तयार होता. तो त्याने चहाबरोबर गिळला.

"दिसू नये म्हणून मेहनत घेत होतो गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवळ्याच्या बाटलीशेजारी गोळी आणि पाण्याचा ग्लास होता.

"पण किती दिवस घ्यायची, ते मी स्वतः विचारणार आहे डॉक्टरांना."

"शनिवारी चल."

ती गेली, सतरा प्रश्नांची यादी घेऊन. मंगळवारचा कार्यक्रम बंद झाला.

आता वाचकांच्या मनात एक शंका असेल. वेळापत्रक आखणारा, उसाशांना कमाल मर्यादा घालणारा, इतका गमत्या माणूस. याला कसलं आलंय नैराश्य? शंका रास्त आहे. मांडवातल्या पाहुण्यांचंही हेच मत होतं. आपल्यासाठी बाल्कनीत तिसरी खुर्ची मांडली आहे. कधीही या. चहा मिळेल, बिस्कीट एकच.