होडी विचाराधीन आहे

लाकडी होडी घेण्यापूर्वी तिचा तळ तपासावा, असं सामान्य लोक मानतात. सुशिक्षित कुटुंबात आधी समिती नेमतात.

आमचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. तेव्हापासून घराण्यात कुणी निर्णय घेतल्याची नोंद नाही. बाकी सगळ्याची आहे. त्यामुळे शरदमामांनी इंदूरबाहेर बेटम्याजवळ ओळखीच्या लीलाबाईंच्या गोठ्यात शिडाची जुनी होडी पाहिली आणि "घेऊन दुरुस्त करू का?" असं विचारलं, तेव्हा मी ताबडतोब नवी फाइल उघडली. (होडी कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून लीलाबाईंच्या सासऱ्यांनी आणलेली. सध्या तिच्यात म्हशींचा भुसा असतो.)

प्रकरण तातडीचं होतं. मामांचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, हाताने करायचं ते दीड वर्षात करून घ्या. समितीने हे फार गांभीर्याने घेतलं आणि आपली मुदत दोन वर्षं ठरवली, कारण दीड वर्षात घाई होते.

समितीत मामांचा मुलगा विक्रांत, शेजारचे नीरजजी आणि सचिव म्हणून मी. मामांनी कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात अकरा दिवस शिडाची होडी चालवली होती. इंदूरला समुद्र नाही, तरी ते अकरा दिवस मामा आजही तारीखवार सांगतात. अर्थात त्यांना मताचा अधिकार देता आला नाही. ज्याला होडी हवी आहे, तो होडीबद्दल निःपक्ष कसा राहणार? कुमुदिनीमामींकडे पोहे आणि चहा हा विभाग होता.

बैठका दर रविवारी साडेदहाला. पहिल्याच बैठकीत नीरजजी म्हणाले, "भिया, होडी तो मस्त आहे, पण अपने को चालवायची कुठे?" हा प्रश्न इतका मूलभूत ठरला की पुढच्या सहा बैठका त्यालाच दिल्या.

विक्रांत म्हणाला, "पापा, आधी प्रॉपर सर्वे तर होऊ दे."

सर्वे झाला. एकूण एक्केचाळीस जणांचा सल्ला घेतला. पैकी होडीत बसलेले पाच, शिडाची होडी कॅलेंडरवर पाहिलेले दोन, आणि "मला यातलं कळत नाही" म्हणालेले शून्य. (इंदूरकरांचा हा गुण बाहेरच्यांनी घेण्यासारखा आहे.) सियागंज बाजारातल्या एका जिऱ्याच्या व्यापाऱ्याने तर उभ्या उभ्या शिडाचं माप सांगितलं.

परिशिष्ट 'ग' खास माझं. होडी टाकून द्यायची वेळ आली तर ती ओल्या कचऱ्यात की सुक्या? देशाला स्वच्छता शिकवणाऱ्या शहरात हे आधीच ठरलेलं बरं. उपसमितीचा अहवाल असा की तरंगत असेल तर ओल्या, नसेल तर दोन्हींत.

चौदाव्या बैठकीत हजेरीची सही करताना मामांचं पेन ओळीबाहेर गेलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा धरून पुन्हा प्रयत्न केला. मला वाईट वाटलं. विषयपत्रिकेवर नसल्याने इतिवृत्तात ते लिहिलं नाही.

दोन वर्षांनी एकशे बारा पानांचा अहवाल तयार झाला. निष्कर्ष एकमताने: "होडी उत्तम आहे. तथापि श्री. शरद यांच्या हाताची आजची स्थिती पाहता खरेदी उचित नाही."

वाचनाच्या रविवारी घराला कुलूप होतं. पोहे नव्हते, यावरून प्रकार गंभीर असल्याचं समितीच्या लक्षात आलं. समोरच्या अंबिकाताई म्हणाल्या, "ते दोघं तर बेटम्याला गेले ना. दर गुरुवारी मामी एकट्याच जायच्या."

गुरुवारी मामी भजनाला जातात, अशी नोंद आमच्याकडे होती.

लीलाबाईंच्या शेतामागे तलाव आहे. त्यावर होडी होती. शीड मांडववाल्याच्या जुन्या लाल कापडाचं. मागे मामा सुकाणू धरून, त्यांच्या हातावर मामींचा हात. तळातून थोडं पाणी येत होतं. मामा मधूनच पोह्यांच्या डब्याने ते उपसत होते आणि मोठमोठ्याने हसत होते. (थरथरत्या हाताने पाणी कमी उपसलं जातं का, याची आकडेवारी उपलब्ध नाही.)

मी काठावरून ओरडलो, "मामी, परवानगी कुणी दिली?"

"कशाची रे? तुम्ही इतका विचार करत होते, मला वाटलं घेऊनच टाकली असेल. इथे येऊन पाहते तर भुसा भरलेली! मग लीलाबाईंशी बोलले, गावातल्या मारुती सुताराला बोलावलं. चार महिन्यांत झाली ना!"

"पण अहवाल?"

"आण ना इकडे. बसायला ओलं आहे रे."

होडी वळली आणि पलीकडे गेली. आम्ही काठावर उभ्या उभ्या एकशे पाचवी बैठक भरवली आणि झाल्या प्रकाराचा निषेध नोंदवला.

वाचकहो, इथवर वाचताना "पण त्यांनी लाइफ जॅकेट घातलं होतं का?" असं तुमच्या मनात आलं असेल, तर तुम्ही आमचेच. मामींच्या अनुपस्थितीमुळे चहाचा प्रश्न आहे, पण समितीत जागा आहे. रविवारी साडेदहाला या. तुमच्या घरीही एखादी फाइल उघडी असेलच, ती आणा. ज्याच्यासाठी ती उघडली होती, तो माणूस अजून असेल, तर त्याला मात्र आणू नका. त्याला मताचा अधिकार नाही.