अरेस्टर शेजारीच बसवतात

आमचे कोंडासर हाय व्होल्टेजच्या प्रयोगशाळेत बायकोला घेऊन येत. जाळीच्या आत सर आम्हाला कृत्रिम विजेचे कडकडाट दाखवत आणि जाळीबाहेर खुर्चीत पद्माकाकू शांतपणे मेथी निवडत.

मी मंगळवेढ्याकडचा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. सर नसते तर परत ज्वारीच्या रानात गेलो असतो. त्यांनी मला अरेस्टरमधल्या झिंक ऑक्साइडच्या चकत्या तपासायला दिल्या. लाइनीवर वीज पडली की ही चकती जादा दाब जमिनीत सोडते, ट्रान्सफॉर्मर वाचतो. मी चकतीला विजेचा अतिवेगवान ठोका दिला, तर पडद्यावर दाब भलताच वर गेला. मी लिहून टाकलं, 'चकती मंद आहे.'

सरांनी मी चकतीला जोडलेल्या हातभर वायरी पाहिल्या. "ह्याला म्हैस बांधायची हाय का रे?"

पक्कड घेऊन त्यांनी त्या बोटभर केल्या. दाब उतरला.

"चकती लई चपळ असती. वेळ वायरीत जातो. उगं तिला नावं ठेवू नको."

काकूंना फिट येई. कधी येईल सांगता येत नसे, म्हणून सर त्यांना नजरेआड होऊ देत नसत. नव्या प्राचार्यांनी विचारलं, "प्रयोगशाळेत कुटुंब कशाला?"

"अरेस्टर ट्रान्सफॉर्मरच्या शेजारीच बसवतात, साहेब."

"म्हणजे ह्या अरेस्टर?"

"ती ट्रान्सफॉर्मर. अरेस्टर मी."

काकू हसल्या. प्राचार्य हसले नाहीत. बाहेरच्या माणसाला मनाई झाली आणि काकूंची खुर्ची मैदानापलीकडे, गेटवरच्या वॉचमन रशीदमामांच्या खोलीत गेली.

त्याच आठवड्यात एका दुपारी मामा मैदानातून ओरडत आले. सर अनवाणीच पळाले. निवृत्तीला आलेला माणूस, पण आम्ही पोरं मागं पडलो. काकू खोलीत पडल्या होत्या, डोकं उंबऱ्यावर आपटलेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

दिवसकार्य उरकून सर आले ते थेट गेटवर. मी सोबत होतो.

"मामा, पडताना तिनं मला हाक मारली का?"

"न्हाई सर. एकदमच पडल्या. काय कळलंबी नसंल त्येन्ला."

मामांना वाटलं, एवढं ऐकून सरांना बरं वाटेल. सर उंबऱ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"मारली असणार. तुमाला ऐकू आली नसंल."